पितृऋण पुढच्या पिढीत फेडायचे असते
(लहान मुलांना घेऊन वर्षश्राद्धाला जाणाऱ्या कुटुंबांसाठी)



दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राम या भागांत नोकरी-व्यवसायासाठी स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे सत्संगाला येतात. त्यांतील तरुण आई-वडील एक प्रश्न वारंवार विचारतात. गावी आजोबांचे किंवा आजीचे वर्षश्राद्ध आहे. सगळे कुटुंब एकत्र जमणार आहे. पण घरात दीड-दोन वर्षांचे मूल आहे. रेल्वेचा प्रवास चोवीस तासांहून अधिक. तिथे पाहुण्यांची गर्दी, झोपेच्या आणि खाण्याच्या वेळा चुकणार, विधी चालू असताना मूल रडणार. त्याला काही कळणार नाही आणि पुढे आठवणारही नाही. मग त्याला न्यावे, की दोघांपैकी एकाने त्याच्याबरोबर इथेच थांबावे?

प्रश्न व्यवहारातला आहे आणि त्याचे व्यावहारिक उत्तरही पुढे पाहूया. परंतु त्याच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. श्राद्ध नेमके कोणासाठी असते? जे गेले त्यांच्यासाठी, की जे आहेत त्यांच्यासाठी? याचे उत्तर मिळाले की मुलाला न्यावे की नाही, हे आपोआप स्पष्ट होते.

तीन ऋणे

आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. तैत्तिरीय संहितेत ही ऋणे कशी फिटतात तेही सांगितले आहे. ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे ऋण संततीने फिटते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. हिशोबाच्या वहीत प्रत्येक देण्यासमोर कोणीतरी घेणेकरी असतो. रक्कम त्याच्या हाती पडली की खाते बंद होते. पितृऋणाच्या बाबतीत हे घडू शकत नाही. आजोबांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, आजीने तापात रात्रभर उशाशी बसून काढली. ते परत देण्यासाठी आज ते समोर नाहीत. समोर असते तरी त्यांनी घेतले नसते. मग हे देणे कोणाला द्यायचे? शास्त्राने याचे उत्तर एका शब्दात दिले आहे, ‘संततीने’. जे मागच्यांकडून घेतले ते पुढच्यांना द्यायचे. मूल जन्माला आले एवढ्याने ऋण फिटत नाही. आपल्याला मिळालेली माया आणि शिकवण त्या मुलापर्यंत पोहोचली की ते फिटू लागते.

इथे कोणाच्या मनात शंका येईल की, ज्यांना स्वतःचे मूल नाही त्यांनी काय करावे? भीष्माचार्यांना अपत्य नव्हते. तरीही माघ शुद्ध अष्टमीला, भीष्माष्टमीला, ज्यांचा त्यांच्या कुळाशी काहीही संबंध नाही असे लोक त्यांच्यासाठी तर्पण करतात. भाचा, पुतणी, शेजारचे मूल, बालसंस्कार वर्गातील मुले, ही सर्व आपली पुढची पिढीच आहे.

श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. त्यांना अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य यांची रूपे मानले आहे. म्हणजे आज आपल्या मांडीवर बसून दर्भाची काडी ओढणारे मूलच एक दिवस ही नावे उच्चारणार आहे. ज्याच्या हाती ही परंपरा जाणार आहे त्यालाच ‘अडचण होईल’ म्हणून दूर ठेवायचे का, याचा आपण विचार करायला हवा.

मूल सर्व पाहत असते

‘त्याला काय कळणार?’ असे आपण म्हणतो. कठोपनिषदाची सुरुवातच अशा एका मुलापासून होते, जो घरातील धार्मिक विधी शांतपणे पाहत होता.

वाजश्रवस यज्ञ करत होते आणि सर्वस्वाचे दान देत होते. दानासाठी आणलेल्या गाई मात्र म्हाताऱ्या होत्या. त्यांचे चारा-पाणी खाऊन-पिऊन संपले होते, दूध आटले होते, त्या पुन्हा विणार नव्हत्या. मोठ्यांपैकी कोणी काही बोलले नाही. लहान नचिकेताच्या मनात मात्र त्या क्षणी श्रद्धा जागी झाली, असे उपनिषद सांगते. त्याने वडिलांना विचारले, “मला कोणाला देणार?” एकदा नाही, तीनदा विचारले. वडील रागावले आणि म्हणाले, “तुला मृत्यूला देतो.”

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलेल्या नचिकेताला तीन वर मिळाले. आत्मज्ञानाविषयीचा तिसरा वर प्रसिद्ध आहे. पहिल्या वराकडे आपले लक्ष कमी जाते. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या मुलाने सर्वांत आधी काय मागितले? वडिलांचा राग शांत व्हावा आणि मी परत जाईन तेव्हा त्यांनी मला ओळखून प्रेमाने बोलावे, एवढेच. मुलाला सर्वांत आधी घरातील शांतता हवी असते. ब्रह्मज्ञान त्यानंतर येते.

श्राद्ध आणि श्रद्धा हे शब्द एकाच मुळाचे आहेत. आपण श्राद्धात नेमके काय देत आहोत, दूध देणारी गाय की भाकड गाय, हे घरातील लहान मूल पाहत असते. दोन वर्षांच्या मुलाला मंत्र कळत नाहीत. आवाज चढला की मात्र ते आईला बिलगते आणि मोठी माणसे गळ्यात गळा घालून रडली की त्यांच्याकडे टक लावून पाहते. त्याच्या आयुष्यातील हा पहिला पाठ असतो.

पैठणचे घर

आजोबा आणि नातू यांचे नाते पाहायचे असेल तर पैठणला जावे. संत एकनाथ महाराजांचे आई-वडील ते अगदी लहान असतानाच गेले. त्यांना सांभाळले ते आजोबा चक्रपाणी यांनी. चक्रपाणी हे संत भानुदासांचे पुत्र. म्हणजे पणजोबांची भक्ती आजोबांच्या हातून नातवापर्यंत पोहोचली. पुढे नाथांच्या मुलीचे पुत्र मुक्तेश्वर हे मराठीतील मोठे कवी झाले. मधली एक पिढी लवकर हरपली, तरी प्रवाह थांबला नाही. नाथांनी १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत जलसमाधी घेतली. त्या दिवशी, नाथषष्ठीला, आजही दूरदूरहून दिंड्या आणि कुटुंबे लहान मुलांना खांद्यावर घेऊन पैठणला येतात.

नाथांच्या घरच्या श्राद्धाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. श्राद्धाचा स्वयंपाक तयार होत होता. अस्पृश्य मानले गेलेले एक कुटुंब दारावरून जात असताना अन्नाचा सुगंध आला आणि उपाशी मुलाबाळांना ते खावेसे वाटले. नाथांनी त्यांना आत बोलावले आणि पितरांसाठी केलेले अन्न पोटभर वाढले. निमंत्रित ब्राह्मण रागावून जेवायला आले नाहीत, तेव्हा प्रत्यक्ष पितरच येऊन जेवले, अशी ही कथा आहे. उन्हात तापलेल्या गोदावरीच्या वाळवंटात रडणाऱ्या मुलाला नाथांनी कडेवर उचलून घरी पोहोचवले, ही कथाही सर्वांना माहीत आहे.

दोन्ही कथांत मूल भुकेले किंवा रडणारे आहे, आणि दोन्हींत नाथांनी आधी मुलाकडे पाहिले आहे. त्यामुळे श्राद्धाच्या दिवशी नैवेद्याआधी लहान मुलाने खाल्ले तर दोष लागेल का, हा प्रश्न मनात आला की पैठणच्या या घराची आठवण करावी. भुकेले मूल जेवले की पितर उपाशी राहत नाहीत.

नाथांच्या स्वतःच्या घरातही मतभेद झाले. वडिलांचे काही आचार न पटल्यामुळे पुत्र हरिपंडित काशीला निघून गेले, असे चरित्रात सांगितले जाते. त्यांना परत आणण्यासाठी कोण गेले? वडील स्वतः गेले. ज्यांच्या पायाशी लोक बसत असत, त्यांनी पहिले पाऊल आपण टाकण्यात कमीपणा मानला नाही.

कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या घरातील एक प्रसंग इथे सांगतो. माझ्या आजोबांचे, आबांचे, वर्षश्राद्ध साताऱ्याकडील आमच्या गावी होते. फरिदाबादहून आई-बाबा, मी, ताई, भाऊजी आणि ताईचा दोन वर्षांचा मुलगा असे आम्ही निघालो होतो.

त्याआधी वर्षभरापूर्वी, दहाव्याच्या दिवशी, नदीच्या घाटावर पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते सर्वांना माहीत आहे. घरचे एकेक जण पुढे येतात, हात जोडतात आणि गेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल ते आठवून शब्द देतात. आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ अण्णा यांचे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कित्येक वर्षे बोलणे नव्हते. बाबा पुढे झाले आणि म्हणाले, “आबा, अण्णांशी आम्ही नीट राहू. काळजी करू नका.” थोड्या वेळाने कावळा शिवला. तो का शिवला, ही चर्चा इथे नको. शब्द दिला गेला आणि दहा माणसांनी तो ऐकला, एवढे खरे.

मग सर्वजण आपापल्या गावी परतले. वर्षभरात अण्णांना एकही फोन झाला नाही.

वर्षश्राद्धाला अण्णा आले होते. ओसरीत दाराजवळच बसले होते, लगेच उठून जाता येईल असे. ताईच्या मुलाने आबांना प्रत्यक्ष फार पाहिले नव्हते. व्हिडिओ कॉलवर पांढरी टोपी आणि पांढऱ्या मिशा एवढी त्याची ओळख. तो घरभर फिरता फिरता अण्णांसमोर थांबला, त्यांच्याकडे पाहत राहिला आणि “आबा” म्हणाला. कोणीच काही बोलले नाही. अण्णांनी त्याला उचलून मांडीवर घेतले आणि पंचाने डोळे पुसले. बाबा आतून पाट घेऊन आले. पहिल्या पंगतीत त्यांनी अण्णांना आपल्या शेजारी बसवले.

विहिरीच्या वाटणीचा कागद अजून झालेला नाही. तो एका जेवणाने होणारही नव्हता. पण रविवारी सकाळी बाबांचा अण्णांना फोन असतो.

या प्रसंगातून मला एक गोष्ट समजली. दहाव्याला आपण शब्द देतो आणि वर्षश्राद्ध हा त्या शब्दाचा वर्षअखेरचा ताळेबंद असतो. किती जमा झाले, किती बाकी राहिले, हे त्या दिवशी प्रत्येकाने मनाशी पाहायचे असते. आणि जे बाकी राहिले असेल ते पुढच्या पानावर, म्हणजे आपल्या मुलांच्या खात्यावर ओढायचे नसते. मुलांना वारशात जमीन मिळाली तर चांगलेच आहे. अबोला मात्र त्यांच्या वाट्याला येऊ नये.

प्रवासाला निघण्यापूर्वी

आता व्यवहाराकडे वळूया. लहान मुलाची नीट काळजी घेणे हासुद्धा श्राद्धकर्माचाच भाग समजावा.

१. तिथी नक्की करा. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे आपल्याकडील ‘फाल्गुन वद्य’ दिल्लीच्या पंचांगात ‘चैत्र कृष्ण’ असे लिहिलेले असते. इथले कॅलेंडर पाहून आरक्षण केले तर महिन्याचा घोळ होऊ शकतो. गावच्या गुरुजींकडून इंग्रजी तारीख विचारून घ्यावी.

२. रेल्वेचे आरक्षण विचारपूर्वक करा. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण स्वतंत्र बर्थही मिळत नाही. एवढ्या लांबच्या प्रवासात खालचा बर्थ असावा. विमानाने जात असाल तर विमान वर चढताना आणि उतरताना मुलाला दूध किंवा पाणी घोट-घोट पाजावे, म्हणजे कानाला त्रास कमी होतो.

३. शक्य असल्यास एक दिवस आधी पोहोचा. दमलेल्या मुलाला एकदम तीस-चाळीस अनोळखी माणसांसमोर उभे करू नये. आदल्या संध्याकाळी आजी, काका, आत्या यांची ओळख झाली तर दुसऱ्या दिवशी ते त्यांच्याकडे आनंदाने जाते. त्याला कोणाकडे जायचे नसेल तर ओढाताण करू नये.

४. मुलाचे जेवण वेगळे ठेवा. श्राद्ध दुपारी असते आणि पंगत बसायला उशीर होतो. मऊ वरण-भात वेगळा काढून वेळेवर भरवावा. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, ती प्रेमाने कोणी दिली तरी नम्रपणे बाजूला ठेवावीत. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, म्हणून पंचामृताचे तीर्थही त्याला नको.

५. पाळ्या ठरवा. उघडी विहीर, पाण्याचा हौद, चूल, समई, शेतीची औषधे ही शहरात वाढलेल्या मुलाला नवी असतात. ‘सगळे आहेत, कोणीतरी पाहील’ असे म्हटले की कोणीच पाहत नाही. दर तासाला एकाचे नाव ठरवावे. आईलाही पितरांना नमस्कार करायला मोकळा वेळ मिळाला पाहिजे.

६. मुलाला छोटी सेवा द्या. तसबिरीला एक फूल वाहणे, पळीभर पाणी सोडणे, कावळ्यासाठी काढलेले पान आजोबांबरोबर अंगणात नेणे. दोन मिनिटे पुरेशी आहेत. त्यानंतर ते खेळायला गेले तर जाऊ द्यावे.

७. खरे सांगा, सोपे सांगा. ‘आबा झोपले आहेत’ असे सांगू नये, मुलाला झोपेचीच भीती बसू शकते. ‘आबा वारले, ते आता परत येणार नाहीत. आपण त्यांची आठवण काढायला आलो आहोत,’ एवढे पुरे. ते पुन्हा पुन्हा विचारेल. तितक्याच वेळा शांतपणे सांगावे.

८. वाटणीचा विषय त्या दिवशी काढू नका. बोलणे आवश्यकच असेल तर दुसऱ्या दिवशी, मुले झोपल्यावर आणि घरातील वडीलधाऱ्यांसमोर बोलावे.

ज्यांना जाणे शक्य नाही

मूल आजारी आहे, रजा मिळाली नाही, खर्च झेपत नाही, अशी कारणे असू शकतात. तेव्हा मनाला लावून घेऊ नये. तापलेल्या मुलाला प्रवासात नेऊन कोणतेही पितर प्रसन्न होणार नाहीत. आपल्याच भागात हापूड जिल्ह्यात गंगेच्या काठी गढमुक्तेश्वर आहे, दिल्लीतील असंख्य कुटुंबे तिथे जाऊन तर्पण करतात. तेही शक्य नसेल तर घरी तसबिरीसमोर दिवा लावावा, आजोबांना आवडणारा एखादा पदार्थ करून गरजूला द्यावा आणि गावी फोन करून सर्वांशी बोलावे.

ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी परंपरेने भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्या राखून ठेवली आहे. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी तिथे पडलेल्या हजारो मराठी माणसांच्या घरी ना देह पोहोचला, ना निश्चित बातमी. त्यांना कोणी विसरले का? आजही दरवर्षी १४ जानेवारीला तिथल्या काला आंब या स्मारकाजवळ लोक जमतात, त्यांत मुलांचा हात धरून आलेले आई-वडीलही असतात. अडीचशेहून अधिक वर्षे ही आठवण टिकली, कारण प्रत्येक पिढीने ती पुढच्या पिढीच्या कानावर घातली.

संकल्प

बंधु-भगिनींनो, वर्षश्राद्धाला निघताना पिशवीत मुलाचे कपडे, औषधे, दुधाची बाटली आपण आठवणीने भरतो. त्याबरोबर तीन संकल्पही घेऊन जाऊया.

पहिला, गेलेल्या आजी-आजोबांचा एक तरी गुण मी माझ्या वागण्यात आणीन, म्हणजे माझ्या मुलाला तो ऐकून नव्हे, पाहून कळेल.

दुसरा, कुटुंबातील ज्या व्यक्तीशी माझे बोलणे थांबले आहे, तिच्याशी पहिला शब्द मी बोलेन. समोरून उत्तर आले नाही तरी मनात कडवटपणा ठेवणार नाही.

तिसरा, दहाव्याला दिलेला कोणताही शब्द राहिला असेल तर तो याच वर्षी पूर्ण करीन.

हे तीन संकल्प मनापासून पाळले तर मंत्रोच्चार चालू असताना मूल रडले तरी चिंता नको. ज्या घरात पुढच्या पिढीचा आवाज ऐकू येतो, त्या घरी पितर तृप्त होऊनच परत जातात.

आपणा सर्वांच्या घरी वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद आणि मुलांचे हसणे अखंड राहो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.